जास्तीचा एक स्वल्पविराम

जांबे गावच्या माळावर महाराजांचा मंडप उभा राहिला आणि हिंजवडीच्या कंपन्यांच्या गाड्यासुद्धा तिथं थांबायला लागल्या. महाराज डोळे मिटून बसत. पासचा नंबर पुकारला की समोरच्या बाईचं नाव, माहेर, नवरा, दुखणं, सगळं तिनं तोंड उघडायच्या आत सांगत. पास मोबाईलवर माहिती भरून काढायचा असे, पण ती फक्त रांगेसाठी, असं सेवेकरी सांगत. महाराज तर फोनला शिवतही नसत.

शारदा त्या रांगेत उभी होती ती जळफळाटापायी. महाराजांनी तिच्या धाकट्या जावेला, सुनीलच्या बायकोला प्रियंकाला, भरल्या मंडपात मूल होईल म्हणून सांगितलं होतं. तेव्हापासून सासू साळूबाई प्रियंकाला शेजारी घेऊन जेवत, आल्यागेल्याजवळ तिचंच कौतुक करत. घरचा गाडा ओढायचा शारदानं, भाडेकऱ्यांची पाण्याची कटकट निस्तरायची शारदानं, आणि देवानं ओळखावं ते प्रियंकाला? तिनं स्वतःच पास काढला. माहेर ठसक्यात, तालुक्यासकट लिहिलं: महाळुंगे, मुळशी. दुखण्यात पाठ लिहिली.

“शारदा, महाळुंग्याची लेक. नवरा मुळशीकर,” महाराज म्हणाले. मग जरा अडखळले आणि आवाज चढवून बोलले, “दत्ताचा कोप हाय तुझ्यावर. लई जुना.”

बायका तिच्यापासून लांब सरकल्या. घरी साळूबाईंनी तिला देवघराची बंदी केली आणि सांजेचा दिवा प्रियंका लावू लागली. शारदाला तिचं तोंड बघवेना.

गच्चीत कपडे काढताना तिनं हे सगळं सोनलपाशी ओकलं. सोनल वरच्या खोलीतली भाडेकरू, सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचं काम करणारी. तिनं पासमध्ये काय काय लिहिलं ते नीट विचारून घेतलं आणि काकांचं, म्हणजे शारदाच्या नवऱ्याचं, नाव विचारलं.

“दत्ता,” शारदा म्हणाली, आणि तिला महाराजांचा दत्ताचा कोप आठवला.

सोनल हसली नाही. तिनं समजावलं, “काकू, एक प्रोग्रॅम दुसऱ्याला माहिती देतो ती बऱ्याचदा अशीच, साध्या ओळीत. नाव, माहेर, नवरा, दुखणं, आणि मधे स्वल्पविराम. घेणारा अक्कल चालवत नाही, स्वल्पविराम मोजतो. तुम्ही महाळुंगे आणि मुळशीच्या मधे एक जास्तीचा दिलात. सगळं एक घर पुढं सरकलं. मुळशी झाली नवरा आणि काका झाले दुखणं.” नीट बनवलेल्या प्रोग्रॅमला असला स्वल्पविराम कळतो, हा घाईत उरकलेला दिसतोय, असंही ती म्हणाली. ती ओळ महाराजांच्या कानात कुणीतरी, बहुतेक मशीनच, वाचत असणार. पण हा अंदाज झाला. खात्री करायची तर तसंच पुन्हा करून बघायला हवं.

शारदाला आनंद झाला, आणि तो खोटेपणा सापडल्याचा नव्हता. प्रियंकाचा आशीर्वादही खोटा ठरत होता, त्याचा होता.

येत्या गुरुवारी साळूबाई जाणार होत्या. महाराजांनी सांगितलं तर साखरेच्या दुखण्याच्या गोळ्या बंद करायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांचा पास शारदानं काढला. माहेर लिहिलं: पौड, मुळशी.

गुरुवारी सगळं घर त्यांच्याबरोबर मंडपात गेलं. नंबर पुकारला. महाराज घुमायला लागले. “माई, तुझ्या अंगात कोंडिबा नावाचं पिशाच्च शिरलंय. आत्ता भायेर काढतो. गोळ्या-औषधं असतील ती फेकून दे.”

साळूबाईंनी डोळे उघडले. “कोंडिबा माझं मालक हायेत,” त्या म्हणाल्या. “ह्ये काय, हितंच उभं हायेत.”

मंडपात कुणीतरी फिस्सकन हसलं. कोंडिबा मात्र सरळ पुढं गेले आणि महाराजांच्या जटा बाजूला केल्या. कानातून वाटाण्याएवढा स्पीकर निघाला. त्यातून बारीक आवाज येत होता, दुखणं कोंडिबा, दुखणं कोंडिबा. शारदानं सगळ्यांना स्वल्पविरामाची गोष्ट सांगितली. सेवेकरी मागच्या बाजूनं निघून गेले.

मग तिनं प्रियंकाकडं पाहिलं. हाच चेहरा पडलेला बघायला ती आली होती.

“ताई, म्हंजे मला मूल हुनार न्हाई?” प्रियंकानं हळूच विचारलं.

शारदाचा जळफळाट तिथंच विझला.

“त्याला काय म्हाईत? त्यानं तू लिवलेलंच वाचलं,” ती म्हणाली. “आपण डॉक्टरकडं जाऊ. सुनीलभावजींना बी तपासू, तू एकलीच कशापायी?”

आपल्या मनातलं कुणी अचूक सांगितलं तर पाया पडण्याआधी जरा आठवून बघा, ते आपण आधी कुठं लिहिलं होतं, कुणाला सांगितलं होतं. आणि औषध बंद करायचं की नाही, ते डॉक्टरला विचारा.