पुढची सीट

"बघा, आता बघा कशी चालतिया!" मष्णूनं व्हॅनच्या दाराला लाथ घातली. "घाटात मेल्यागत पडती, आन् तुमच्या दारात आली की नव्या सुनंगत शानी हुतिया."

व्हॅनची पुढची सीट उचलून, तिच्याखालच्या इंजिनाजवळ कान नेऊन भूपाल अण्णा डोळे मिटून ऐकत होता. इंजिन चुलीपाशी बसलेल्या मांजरागत घुरघुरत होतं.

"सगळं बरोबर हाय रं."

"बरोबर हाय म्हणून तर भ्या वाटतंय. तापलेलं पोर डॉक्टरपुढं हसाय लागलं, तर आईनं काय सांगायचं वो?"

निपाणीकडनं तवंदी घाट चढून आलं की जो फाटा लागतो, तिथं भूपाल अण्णाचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. दुकान पुढं, घर मागं. माणूस इतका बारीक, की दुपारी दारात उभा राहिला तर सावली पडायची ती फक्त चष्म्याची. पण कान! ट्रक अजून घाटाच्या तळाला असायचा, आणि हा वर बसून सांगायचा, "डायनामो गेलाय बघ." एकदा तर नुसता हॉर्न ऐकून म्हणाला, "ह्यो घरात भांडून आलाय." ड्रायव्हर खाली उतरला तेव्हा त्याच्या गालावर बायकोच्या बांगडीचा ओरखडा होता. खोटं वाटत असेल तर फाट्यावरच्या चहावाल्याला विचारा. तो तर म्हणतो ओरखडा दोन्ही गालांवर होता.

असले कान, आणि घरात ऐकायला काय, तर एक फ्रिज. बायको, राजमती, गेल्यापासनं घरात तेवढा एकच बोलायचा. मधनंच बंद पडायचा, तेव्हा अण्णा पुस्तकातनं मान वर करून वाट बघायचा, की आता परत सुरू होईल म्हणून.

मष्णूची व्हॅन म्हणजे वाडीतल्या बायांची गाडी. रोज सकाळी बाया भरायच्या आणि घाट उतरून निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत सोडायच्या, संध्याकाळी परत आणायच्या. वखारीचं दार वेळेला बंद व्हायचं. एकदा बंद झालं की आत घेणं नाही, दिवस गेला. आणि ही व्हॅन आठवड्यातनं एकदा दोनदा रस्त्यात मरायची. बाया उतरायच्या, ढकलायच्या, आणि ढकलली की लगेच सुरू. मुकादमानं सांगून ठेवलं होतं, "आता ह्याच्या म्होरं उशीर झाला की दुसरी गाडी लावणार." मष्णूच्या घरात दुसरं कमावणारं कुणी नव्हतं.

अण्णानं कॉइल बदलून बघितली होती. बॅटरीची टोकं घासून झाली होती, फ्यूज बदलून झाला होता. दुकानात गाडी सोन्यासारखी चालायची, आणि दोन दिवसांनी मष्णू परत तोंड पाडून दारात.

"हितं बसून कळायचं न्हाय," अण्णा सीट खाली टाकत म्हणाला. "दुखणं बघायचं तर दुखण्याच्या घरी जायाला पायजे. उद्या मी येतो तुझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन फाट्यावर आली ती बायांनी अशी ठासून भरलेली, की दार उघडल्यावर आधी एक कोपर बाहेर आलं, मग एक डबा, मग हसणं. पुढच्या सीटवर जयाबाई. जयाबाईचं वजन किती, हे कुणी सांगू शकत नाही, कारण बाजारातल्या काट्यानं तिला बघून हात जोडले होते असं पूर्णिमा सांगते. पूर्णिमा म्हणजे बायांतली सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत वटवटी.

"अण्णा आलेत. सरा गं मागं," जयाबाई उठलीच.

"नको, नको, जयाक्का. मी मागं बसतो की."

"तुमी मागं बायांत बसणार आन् मी पुढं राणीगत? गावात तोंड दावायचं हाय मला. बसा गप."

अण्णा पुढं बसला. मांडीवर टेस्टर, वायरचं वेटोळं, पकड. आता बंद पडेल, मग बंद पडेल. घाटातली सगळी वळणं झाली, गाडी लोण्यातनं सुरी जावी तशी निपाणीत उतरली. बायांना सोडून दोघं वर आले. संध्याकाळी रिकामी व्हॅन घेऊन मष्णू परत फाट्यावर आला, अण्णा बसला, बायांना घेऊन वर आले. काही नाही. दुसऱ्या दिवशीही काही नाही. आठवडा गेला. गाडीला साधी उचकीसुद्धा लागली नाही.

"मला कळलंय," पूर्णिमानं जाहीर केलं. "गाडी अण्णांना भितीया."

"भीत न्हाय गं, पुण्य हाय त्यांच्या बसण्यात," जयाबाई मागनं म्हणाली. "रात्रीचं खात न्हाईत, मुंगी मारत न्हाईत. आमी बसलो की गाडी म्हणती, ह्या रोज तंबाखू झाडणाऱ्या, ह्यांना कशाला न्यायचं?"

सगळ्या हसल्या. अण्णाही हसला, आणि आपला आवाज ऐकून जरा दचकला.

त्याच्या खाण्याचं मात्र अवघड झालं. वखार सुटून फाट्यावर येईतो दिवस मावळायचा, आणि सूर्य बुडाल्यावर अण्णा पाणीसुद्धा घेत नसे. मग तो भाकरी बरोबर आणू लागला. दुसऱ्याच दिवशी पूर्णिमानं पुढं डबी सरकवली, "शेंगाची चटणी. लसूण घातला न्हाय, आईची शप्पथ." व्हॅनमध्ये तो खायला बसला की मागनं गलका.

"अण्णा, बुडाय लागला बगा! उचला घास!"

"मष्णू, दाब रं, दाब!"

निपाणीत डोंगरामागं गेलेला सूर्य, गाडी घाट चढली की परत वर यायचा. एरवी सगळ्या जगाला दिवस एकदा मावळतो, भूपाल अण्णाला त्या दिवसांत दोनदा मावळायचा. मष्णू अशी गाडी मारायचा, की एकदा म्हणे सूर्यच दमून थांबला आणि म्हणाला, "जेवू दे त्याला."

अशाच एका संध्याकाळी अण्णाच्या मुलीचा, अनुराधाचा, बेंगळुरूहून फोन आला. ती रोज त्याच वेळेला करायची आणि रोज तेच विचारायची, "अप्पा, ऊट आयता?" जेवण झालं का. आज विचारता विचारता ती थांबली.

"टीव्ही लावलाय काय, अप्पा? लई आवाज येतोय."

"न्हाय गं," अण्णा म्हणाला. "माणसं हाईत."

मग एक दिवस जयाबाईचे गुडघे सुजले. मागच्या सीटवर वाकून चढणं, पाय दुमडून बसणं, ते काही तिच्या देहाचं काम नव्हतं. संध्याकाळी वखारीच्या दारात ती व्हॅनला धरून उभीच राहिली. अण्णा पटकन खाली उतरला. "जयाक्का, पुढं बसा तुम्ही. माझं ऐका आज." तो मागं, पूर्णिमाच्या शेजारी, डबे मांडीवर घेऊन बसला.

घाटाच्या मधोमध एक खड्डा आला. जयाबाई बसल्या जागी उडाली आणि परत सीटवर आदळली. इंजिन पटकन गप्प.

"आता गं!" बाया सवयीनं भराभरा उतरल्या. जयाबाईला दोघींनी धरून उतरवलं. मष्णूनं चावी फिरवली आणि ढकलायच्या आधीच गाडी सुरू झाली.

भूपाल अण्णा रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याला कळलं. ढकलल्यानं नव्हे, उतरल्यानं सुरू होत होती. दुकानात तो बघायचा तेव्हा सीट उचललेली असायची. आणि बरोबर यायचा तेव्हा मान म्हणून त्यालाच पुढं बसवायचे, आणि त्याचं वजन ते काय? एका पोत्यापेक्षा कमी. त्यानं सीटखाली हात घातला. चौकटीच्या खाली एक वायर दबलेली होती. वरचं प्लास्टिक चांगलं, पण चिमटीत धरून वाकवली की आतली तार तुटलेली बोटाला लागत होती. दाब आला की टोकं दूर, दाब गेला की जवळ. हातभर नवीन वायर टाकायची, एवढंच काम.

"काय घावलं काय, अण्णा?" मष्णूनं विचारलं. सगळ्या बाया बघत होत्या.

अण्णानं हात बाहेर काढला. हाताचं काळं पुसायला त्यानं बराच वेळ लावला.

"न्हाय," तो म्हणाला. "बघू. उद्या बसून बघतो परत."

दुसऱ्या दिवशी तो पुढं बसला. जयाबाई मागं चढली. चढताना तिच्या तोंडातनं "आई गं" असा बारीक आवाज यायचा. एवढे गाड्यांचे आवाज ओळखणारा माणूस, तो हा आवाज ऐकून समोर काचेकडं बघत राहायचा. तिसऱ्या दिवशीही तसंच. चटणीची डबी यायची, सूर्य दोनदा मावळायचा, पूर्णिमा काहीतरी बोलायची आणि सगळी व्हॅन हसायची. अण्णा घास फिरवत बसायचा. रात्री घरात फ्रिज बंद पडला तरी तो मान वर करत नसे.

अमावास्येला अण्णा स्तवनिधीच्या देवळात जायचा, राजमती होती तेव्हापासनं. "उद्या मी न्हाय," एवढंच त्यानं मष्णूला सांगितलं. पुढं सांगायला तोंड उघडलं होतं. पण पूर्णिमानं मागनं विचारलं, "अण्णा, मग परवा येणार न्हवं?" आणि तो "येणार की," म्हणाला.

अमावास्येला संध्याकाळी तो परत आला तर व्हॅन दुकानापुढं उभी, आणि बाया पायरीवर बसलेल्या. कुणी हसत नव्हतं. मष्णूच्या हातात नारळ होता.

"काय झालं रं?"

"काय व्हायचं? तुमी न्हवता," मष्णू म्हणाला. "मोठ्या वळणावर बंद पडली. मागनं ट्रक. त्येनं कचकन ब्रेक मारला म्हणून हितं हाय आमी. बाजूला ढकलताना ही पडली खडीवर. वखारीचं दार झाकलं. दिवसभर सगळ्याजणी बाहीर बसून."

पूर्णिमाच्या तळहाताला पदर फाडून गुंडाळलेला होता, त्यातनं लाल आलं होतं.

"मुकादमाच्या पाया पडलो. म्हटलं, भूपाल अण्णा रोज बसतील, ते असले की काय हुत न्हाय. तेव्हा एक डाव सोडलं त्येनं." मष्णूनं नारळ पुढं केला. "दुकानाचं काय नुकसान हुईल ते मी बघतो. पण न्हाय म्हणू नका. आता तुमच्याच हातात हाय सगळं."

पूर्णिमा उठली. चांगल्या हातानं कुंकवाची पुडी सोडली आणि अण्णाच्या कपाळाला लावायला बोट वर केलं.

अण्णानं तिचं मनगट धरलं. हलकंच धरलं, पण खाली केलं. मग नारळाकडं न बघता तो दुकानात गेला, दिवा लावला, पकड आणि वायर घेऊन बाहेर आला. सीट उचलली. चहाला आधण यायच्या आत काम झालं.

"जयाक्का, बसा पुढं."

"मी?"

"बसा. आन् उड्या मारा."

"लगीन झाल्यापासनं मला कुणी उड्या मार म्हटलं न्हाय बाई," जयाबाई म्हणाली. पण बसली आणि उडाली. व्हॅन अशी हलली, की चहावाल्याच्या फळीवरचे पेले वाजले. इंजिन चालूच. परत उडाली. चालूच. बाया ओरडायला लागल्या. मष्णूनं नारळ तिथंच दगडावर फोडला आणि खोबरं वाटत सुटला.

जयाबाई मात्र सीटवरच बसून होती. तिनं हातभर जुन्या वायरकडं बघितलं, मग अण्णाकडं.

"आजच घावलं व्हय, अण्णा?"

अण्णा पकड पुसत होता. त्यानं मान वर केली. मग पुसून झालेली पकड परत पुसायला लागला.

जयाबाई खाली उतरली, हातातला खोबऱ्याचा तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला. "दिवस मावळलाय," ती म्हणाली. "उद्या खावा." आणि मष्णूला म्हणाली, "चल रं. लोकं वाट बगत असतील घरात."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन वेळेवर आली. फाट्यावर जरा हळू झाली. खिडक्यांतनं हात बाहेर आले, पूर्णिमाचा पांढरी पट्टी बांधलेला हात सगळ्यांत पुढं. पुढच्या सीटवर जयाबाई. कुणीतरी ओरडून काहीतरी म्हणालं, हॉर्नमध्ये ते विरलं. थांबायचं कारण नव्हतं, गाडी थांबली नाही.

भूपाल अण्णा दारात उभा राहून ऐकत होता. पहिलं वळण. खड्डा. दुसरं वळण. एकसारखा आवाज खाली खाली गेला, कुठं तुटला नाही, आणि मग ऐकू येईनासा झाला.

त्याच्या अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा होता. रोज व्हॅनमधनं जायला घालायचा, तसा आजही सवयीनं घातला होता. त्यानं तो काढला, घडी मोडू नये अशा बेतानं खुंटीला लावला आणि ग्रीसचे डाग पडलेला कामाचा सदरा अंगात चढवला.