परक्या दारातलं गोपद्म

शुक्रवारचा फोन बंद झाला तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. हरेश, माझा नवरा, मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामाला. तिकडे सुट्टी शुक्रवारची, म्हणून शुक्रवारी सकाळी त्याचा व्हिडिओ कॉल ठरलेला. गणपती झाले आणि एकाएकी शुक्रवारी फोन बंद, बाकीच्या दिवशी भर दुपारी चालू. कामावरचा माणूस भर दुपारी मोकळा कसा? विचारलं तर म्हणे शिफ्ट बदलली. तोंड दाखव म्हटलं तर म्हणे नेट नाही. मी काय दुधखुळी आहे?

एकदा चुकून व्हिडिओ लागला. त्याच्या नखांत लाल-पिवळा रंग दिसला आणि मागून कुणी बाई 'हरेशभाई' म्हणून हाक मारत होती. त्याने लगेच फोन कापला. भाई म्हटलं म्हणजे मी निर्धास्त झोपायचं का? भाई भाई करतच सगळी सुरुवात होते.

सासऱ्यांना काही बोलले नाही. बापलेकाचं बोलणं तसंही बंदच होतं. आमचं जूचंद्र रांगोळीचं गाव. इथे पुरुषमाणसं मांडी घालून माणसाचा हुबेहूब चेहरा रांगोळीत उतरवतात, आणि त्यात सासऱ्यांचा हात मोठा. हरेश त्यांच्याच शेजारी बसून शिकला. मग एक दिवस म्हणाला, रांगोळीवर चूल पेटत नाही, आणि परदेशी निघून गेला. ते शब्द म्हाताऱ्याच्या काळजात रुतून बसलेत.

या घराची एक रीत आहे. दुसऱ्याकडे कितीही मोठी रांगोळी काढा, पण गोपद्म, म्हणजे गाईची पावलं, काढायची ती फक्त आपल्या उंबऱ्याशी. आणि सासऱ्यांच्या हातची पावलं एका बाजूला जरा कललेली. हरेशचीही तशीच.

मी माणिकपूरला एका दवाखान्यात नोंदणीला बसते. तिथे माझ्या बाजूला एलिसा. तिचा भाऊ डेरिकही मस्कतलाच. परवा तिने कौतुकाने मोबाइल पुढे केला. तिकडच्या एका हॉटेलात डेरिक जेवायला गेला होता, तिथला फोटो. ही बघ, तुमच्या गावासारखी रांगोळी, म्हणाली. हॉटेलच्या मधोमध लक्ष्मीचा मोठा चेहरा होता. पण माझी नजर गेली कोपऱ्यातल्या बारक्या दाराकडे. दारात पिवळ्या ड्रेसातली एक बाई हसत उभी, आणि तिच्या पायाशी उंबऱ्यावर दोन पांढरी पावलं. एका बाजूला कललेली.

नखातला रंग, दुपारचा मोकळा वेळ, शुक्रवारचा बंद फोन, सगळं एका क्षणात जुळलं. दुसऱ्याच्या दारात तो गोपद्म काढणार नाही. काढलंय, म्हणजे ते दार त्याचं झालं. संसार थाटला मेल्याने! एलिसाला मी पाणी मागितलं आणि ते तसंच हातात धरून बसले.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याला दांडी मारली आणि दुपारी घरातूनच फोन लावला. सासरे ओटीवर होते, ऐकू गेलं तर जाऊ दे म्हटलं. हरेशला सांगितलं, फोटो पाहिलाय, आता व्हिडिओ लावून मला ते दार दाखव, नाहीतर उद्यापासून तुझी बायको म्हणून मला फोन करू नकोस. तो आधी उडवाउडवी करत राहिला. मग व्हिडिओ लागला.

दार उघडलं. आत कांद्याच्या गोणी, तेलाचे डबे, आणि त्यांच्या मधल्या जागेत एक चटई. खिळ्याला त्याचा निळा शर्ट, मीच घेऊन दिलेला. बाई कुठेच नाही.

"हे माझंच दार आहे, विनया," तो म्हणाला. "मी इथेच झोपतो."

कंपनीचं काम गणपतीतच गेलं होतं. काम गेलं तशी कंपनीची खोलीही गेली. कुठे कुठे फिरला, तर आधी इथल्या माणसांना घेऊ, परक्यांचं नंतर बघू, एवढंच ऐकलं. शेवटी या गुजराती हॉटेलवाल्याने भांड्यांवर ठेवलं. शुक्रवारी गर्दी, म्हणून फोन बंद; बाकीच्या दिवशी दुपारची भांडी आटोपली की मोकळा. पिवळ्या ड्रेसातली ती मालकीण. तिला एकदा रांगोळी काढून दाखवली आणि तेव्हापासून दोन वेळचं जेवण नीट मिळायला लागलं. बाबांना कळू देऊ नको, म्हणाला. कुठल्या तोंडाने सांगू?

मी इतके महिने बाई शोधत होते आणि हा कांद्यांत झोपत होता. मला त्याचा राग आला, माझाही आला, आणि रडू तर आवरेनाच.

सासरे कधी मागे येऊन उभे राहिले कळलंच नाही. त्यांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि उंबऱ्यावरची पावलं नीट बघितली. हरेश दिसत होता, पण खाली मान घालून.

"हात थरथरलाय तुझा," ते म्हणाले. "ते गोपद्म पूस अन् घरी ये. आपला उंबरा हितं हाय."

हरेश ओलं फडकं आणतो म्हणाला आणि फोन ठेवायला निघाला.

"ठेवू नकोस," मी म्हटलं. "माझा अजून विश्वास नाही. पूस, मी बघतेय."