दोन राखीव मार्ग

हळर्णच्या टेकडीवरचा मोबाईलचा मनोरा माझ्या देखरेखीखाली. त्याला मार्ग मोजके. एका वेळी सातच जण बोलू शकतील एवढे. चतुर्थीच्या आठवडाभर आधी पणजीहून फर्मान आलं, की त्याच मार्गांवरून आता डेटाही जाणार. बोलणं अख्खा मार्ग अडवून बसतं; डेटा पुड्या बांधून, फट मिळेल तसा निघतो. काही मार्ग डेटासाठी राखायचे, की ज्याला लागेल त्याने घ्यावेत, एवढं मला ठरवायचं होतं.

मी दोन राखले. नाहीतर बोलणाऱ्यांनीच ते खाल्ले असते, आणि पेडणे तालुक्यातला पहिला डेटा आपल्या मनोऱ्यावर, ही फुशारकी मी कुठे मारणार होतो? गावात डेटा चालणारा हँडसेट एकच, माझा. हौसेला मोल नसतं.

माझी एकुलती मुलगी गौरवी मस्कतला नर्स. तिची घराबाहेरची पहिली चतुर्थी, आणि तिची आई गेल्यावर घरात एकट्याने करायची माझीही पहिलीच.

"बाबा, दुपारच्या आरतेक फोन करतलंय. माटोळीखाली धर हां," ती म्हणाली होती. तिला सुट्टी अर्ध्या तासाची.

शेजारचा धाकू आरतीला वाजवायला घुमट घेऊन आला. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली मी उभा, उजव्या हातात निरांजन, डाव्यात फोन. रेंजच्या काड्या सगळ्या उभ्या, पण वाजेना. मुंबईचे, आखातातले सगळे त्याच वेळी गावात फोन लावतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. मीच तिला लावून पाहिला, मार्ग व्यस्त. आरती टाकून टेकडीवर धावता येईना. ती संपली तेव्हा गौरवीची सुट्टीही संपली होती.

मग वर जाऊन लॅपटॉप जोडला. राखलेले दोन्ही मार्ग दिवसभर रिकामे. ते बोलण्यासाठी सोडले आणि तिथेच बसून रडलो. वरातीमागून घोडं.

दुसऱ्या दिवशी दीड दिवसाचा गणपती, एरवी रात्री जायचा, तो यंदा दुपारीच पाण्यात पोचवला. धाकू घरी गेला. सांजेला फोन वाजला.

"बाबा, काल लागाकच नाय मरे. आज तरी आरती म्हण."

मी रिकाम्या चौरंगापुढे उभा राहून म्हटली.

"घुमट खंय? धाकूकाका नाय?"

"तो वायंच भायर गेलो."

"बरा. यंदा गणपती कसो दिसता?"

चौरंगावर थोड्या अक्षता होत्या.

"बरो दिसता," मी म्हणालो.