विभूती लावेपर्यंत

दामिनीने सासऱ्यांच्या, सिद्रामप्पांच्या, अडत दुकानातल्या कॉम्प्युटरवर विंडोजच्या जोडीला स्वतःच्या कामासाठी लिनक्स टाकलं, आणि दुसऱ्या सकाळी आप्पांचा आवाज अहमदपूरच्या अर्ध्या मोंढा बाजारात घुमला. "सगळा हिशोब गेला की! हे कुणाचं मशीन हाय?"

हिशोब विंडोजमध्ये जागेवरच होता. मशीन सुरू झालं की पडद्यावर दोन्ही नावं येत आणि थोड्या वेळात कुणी निवडलं नाही, तर वरचं लिनक्स आपोआप उघडे. आप्पा बटण दाबून मशीनला विभूती लावत, डोळे मिटून हात जोडत. डोळे उघडेपर्यंत सुनेचं राज्य आलेलं असे.

"आधी निवडा, मग हात जोडा ना, आप्पा."

"देवाच्या कामात घाई करू व्हय?"

"मग तुमचं वर घेते."

"म्हंजे तुझं आपसूक मागं पडतंय." आप्पा विचारात पडले. "कुणी निवडेपर्यंत ते थांबत न्हाई का?"

"सांगितलं तर थांबतं," दामिनी म्हणाली, आणि स्वतःशीच चपापली. नांदेडच्या कंपनीतून तिला नोकरीचं बोलावणं आल्याचं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती दुकानच बघणार, असं घराने तिला न विचारता धरलं होतं, आणि तीही गप्प होती.

दुसऱ्या दिवशी आप्पांचे हात जोडून झाले, तरी दोन्ही नावं पडद्यावर तशीच उभी होती. आप्पांनी मात्र कुठलंच निवडलं नाही. खुर्ची सुनेकडे वळवून ते म्हणाले, "नांदेडचं काय ठरवलीस?"

दामिनीने पडद्यावरच्या दोन्ही नावांकडे पाहिलं.

आप्पा थांबले.