सत्तेचाळीस नंबरचा पिवळा

कापड रंगवायच्या कारखान्यात मास्तरांच्या नजरेपुढे कुणाचं काही चालत नसे. नमुन्याचा तुकडा आणि नवा ताका ते खिडकीशी नेऊन दिवसाच्या उजेडातच जुळवत. "दिव्याखाली रंग खोटं बोलतो," असं ते येताजाता ऐकवत. खोटं फक्त रंगच बोलतो अशी त्यांची समजूत असावी.

मास्तरांना लिव्हरचा हिपॅटायटिस सी निघाला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पूर्वी कधी पोटात पाणी झालं होतं?"

"छे!" म्हणत मास्तरांनी टेबलाखाली बायकोचा हात दाबला. गेल्याच वर्षी दुसऱ्या दवाखान्यात दोनदा पाणी काढलं होतं. पण खरं सांगितलं तर गोळ्या मिळत नाहीत, असं बाहेरच्या बाकावर कुणीतरी त्यांना सांगितलं होतं. बायको मूग गिळून बसली. तीस वर्षांत तिला तेवढं जमायला लागलं होतं.

गोळ्या सुरू झाल्यावर सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, "अहो, डोळे पिवळे दिसतायत."

"दिव्याखाली बघतेयस. आणि पिवळा मला शिकवतेस? कारखान्यात हळदी रंगाचा माल चालू आहे, नखं बघ माझी!"

नखं पिवळी होतीच. तिचाही विश्वास बसला, आणि त्याबद्दल तिने स्वतःला कधी माफ केलं नाही. मग अंगाला खाज सुटली, जेवण नकोसं झालं. चौथ्या दिवशी सकाळी तिने त्यांच्या पिशवीतलं नमुन्यांचं पुस्तक काढलं, त्यांना खिडकीत बसवलं आणि हातात आरसा दिला. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात, पण या माणसाला लागला.

मास्तरांनी पानं उलटली, एक तुकडा डोळ्याशी धरला. धंद्यात त्यांनी कधी लबाडी केली नव्हती.

"सत्तेचाळीस नंबर," ते हळूच म्हणाले.

इस्पितळात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "विषाणू रक्तात दिसत नाही आता. पण गोळ्यांनी लिव्हरला इजा केलीय, आणि ती भरून येईलसं वाटत नाही. पोटात पाणी झालेल्याला या गोळ्या देतच नाही आम्ही."

"मग काय देता?" बायकोने विचारलं.

"दुसऱ्या. त्यांनीही बरं होतं."

मास्तरांनी डोळे मिटले. चादरीखालून त्यांनी तिचा हात शोधला आणि दाबला.

तिने हात सोडवून घेतला. "दोनदा काढलं होतं पाणी," ती म्हणाली आणि दोन्ही तारखा सांगितल्या. डॉक्टरीणबाईंनी त्या लिहून घेतल्या.