मंदाबाईची भिंत आणि माझी भाषा

मी सानगडीच्या राईस मिलमधला, वाफेचे यंत्र चालवणारा एक जुना कंट्रोलर आहे. आता कपाटावर बसलोय, मित्रांनो, पण मान अजून ताठ आहे.

भिजलेल्या धानाला वाफ दिली की उसना, म्हणजे उकडा तांदूळ होतो. वाफ किती द्यायची, ते मी ठरवायचो. माझ्याआधी मंदाबाई ठरवायची. ती दाताखाली दाणा फोडून पाहायची आणि वॉल्व्ह फिरवायची. कुठल्या धानाला किती वाफ, हे तिने भिंतीवर गेरूने लिहून ठेवले होते. माझ्या कंपनीने ते सारे स्वतःच्या मालकीच्या भाषेत माझ्या पोटात भरले.

त्या भाषेचा मला भारी तोरा! तो उगाच नव्हता. यंत्र आणि भाषा एकाच घरची, म्हणून कधी कुरबुर नाही. अडलेच तर एका फोनवर कंपनीचा माणूस हजर. बारा वर्षांत माझ्या हातून एक खेप नासली नाही.

पहिल्याच दसऱ्याला मालक भैय्यालालजींनी मला हार घातला आणि भिंतीवर चुना फिरवला. म्हणाले, "मशीनले सारं येते. भिंत कायले पाहिजे?"

यंदा बारीक दाण्याचे नवे धान आले. माझ्या वाफेने पहिल्याच घाण्याचा दाणा फुटला. वाफेचा वेळ कमी करायचा होता, पण माझ्या भाषेला कुलूप आणि किल्ली कंपनीकडे. ऑपरेटर दामिनीने फोन केला, तर कंपनी म्हणाली, "ती भाषा बंद झाली. नवं मशीन घ्या." इकडे हौदात बारा घरांचे धान भिजत होते. संध्याकाळपर्यंत ते आंबले असते.

दामिनी धावत जाऊन म्हाताऱ्या मंदाबाईला घेऊन आली.

"मावशी, मशीन काही सांगूनच नाही राहिली."

"माह्यंच शिकवलेलं तिच्या पोटात हाय," मंदाबाई म्हणाली, "अन् मलेच वापस देऊन नाही राहिली!"

मला फार लाज वाटली. मंदाबाईने दाणा चावला, हाताने वॉल्व्ह फिरवला. दामिनी शेजारी बसून लिहीत गेली. धान वाचले.

आता माझ्या जागी खुल्या, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येणाऱ्या भाषेचा कंट्रोलर आहे. तो कधी अडखळतो, आणि फोनवर धावून येणारे त्याला कुणी नाही. पण दामिनी स्वतः उघडते आणि दुरुस्त करते.

मित्रांनो, यंत्राला हवी ती भाषा शिकवा, पण आपली विद्या आपल्याही भाषेत जपा. समोरच्या भिंतीवर दामिनीने पुन्हा गेरूने सगळे लिहिले आहे. मला ते वाचता येत नाही. मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला येते.