दोन दुकानं, एक मशीन

"आता बघा हं साहेब, मी तार काढतो," म्हणत विक्रेत्याने नेटची वायर खसकन उपटली, आणि धाकटी पडद्याजवळ सरकली.

आजाऱ्यांना घरी लागणारी उपकरणं भाड्याने देणारी दादा आणि धाकटी या भावाबहिणीची दोन दुकानं. एक इथे, एक पुलापलीकडे. दोन्हीकडचा साठा एकाच डेटाबेसवर चाले आणि तो आता पार थकला होता. नवा कोणता घ्यायचा, ते आज ठरायचं होतं. दादाचा जीव जडला होता या विक्रेत्याच्या मालावर: नेटची लाइन गेली तरी दोन्ही दुकानं आपापलं काम रेटतात, लाइन आली की नोंदी जुळवून घेतात. धाकटीने धरून ठेवलेला दुसरा डेटाबेस मात्र लाइन गेली की सरळ 'थांबा' म्हणायचा.

"थांबा म्हणणारा नोकर कुणी ठेवतं का गं?" दादा कालच हसला होता. आणि आज, खोट्या यादीवर कसली परीक्षा घ्यायची, म्हणून बहिणीला न विचारता त्याने खरा साठाच जोडून दिला होता.

तेवढ्यात काउंटरवर एक बाई आल्या. यजमान आज दवाखान्यातून घरी यायचे होते, ऑक्सिजनचं मशीन हवं होतं. शेवटचं एकच उरलं होतं, तेही पलीकडच्या दुकानात. दादाने ऐटीत नोंद केली. पडद्यावर हिरवी खूण.

"झालं वहिनी, मशीन तुमचं. घरपोच येईल."

"देव भलं करो तुमचं," म्हणत त्या लगबगीने गेल्या.

तासाभराने विक्रेत्याने वायर पुन्हा जोडली. पडदा जरासा थबकला आणि हिरवी खूण गेली. ना घंटा, ना निरोप.

"आपली नोंद कुठे गेली?" धाकटीचा आवाज चढला.

"जुळवणी झाली, ताई. तेच मशीन पलीकडेही गेलं असेल. नंतरची नोंद टिकते. ते सेटिंग बदलता येतं..."

तिने पलीकडच्या दुकानातल्या काकांना फोन लावला.

"अगं, मशीन मघाशीच गेलं! एका आजोबांना लावलंसुद्धा. का गं?"

दादाने बाईंचा नंबर फिरवला. त्या रुग्णवाहिकेत बसल्या होत्या. दवाखान्यातली खाट दुसऱ्याला दिली होती आणि गाडीतला सिलिंडर जेमतेम घरापर्यंत पुरणारा होता.

दादाने फोन ठेवला. "लाइन गेली म्हणून गिऱ्हाइकाला परत पाठवायचं होतं का मी?" तो उगाच खेकसला.

"हो! थांबा ऐकलेला माणूस दुसरं दार ठोठावतो, दादा. तू हो म्हणालास. त्या निर्धास्त होऊन निघाल्या."

दादाने फोन पुन्हा उचलला. मग त्याने असा नंबर लावला की धाकटीने डोळेच विस्फारले. चौकात असंच भाड्याचं दुकान टाकलेला त्याचा जुना भागीदार! भांडून वेगळा झाल्यापासून त्याचं नाव या दुकानात काढायची सोय नव्हती.

"अरे वा, जिवंत आहेस तर!" पलीकडून टोमणा आला.

"ऑक्सिजनचं मशीन हवंय. आत्ता."

"का, तुझी कुठे गेली सगळी?"

"एकाच मशीनसाठी दोघांना हो म्हणून बसलो रे."

धाकटी मनातल्या मनात देवाला हात जोडत होती.

"पत्ता सांग. भांडू मागाहून."

मग नुसतं वाट बघणं. विक्रेता बिचारा वायर गुंडाळायचा, सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा. दादा दारात उभा. फोन वाजला तेव्हा तिघेही दचकले.

"लावलं हो मशीन," बाई म्हणाल्या. त्यांच्या मागे मशीनची लयीतली घरघर ऐकू येत होती. "गाडीतला सिलिंडर संपतच आला होता."

दादा दारातून काउंटरपाशी आला.

"तुमचा माल चपळ आहे, खोटं नाही," तो विक्रेत्याला म्हणाला. "दुसऱ्या कुठल्या धंद्यात शोभेल. आमच्याकडे माणसांचा श्वास भाड्याने जातो हो."

मग बहिणीकडे न बघताच म्हणाला, "तुझा तो 'थांबा' म्हणणारा अडेलतट्टू आण, बाई."